परान्न आणि विद्या

शिक्षणासाठी घर सोडून परगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न एरवी खोली, मेस, फी आणि शिष्यवृत्ती एवढ्यावर मिटतो, आणि कार्यालयीन दृष्टीने तो तेवढाच असतोही. परंतु भारतीय धर्मविचाराने या सगळ्याच्या मुळाशी असलेला वेगळाच प्रश्न फार पूर्वी उचलला होता. जो अजून काही मिळवत नाही, ज्याच्याकडून परतफेडीची हमी कोणी देऊ शकत नाही आणि ज्याला रोज दोन वेळा दुसऱ्याच्या हातचे खावे लागते, त्याने ते अन्न कोणत्या अधिकाराने खावे, हा तो प्रश्न होय. परान्न, म्हणजे स्वतःच्या घरचे नसलेले अन्न, या परंपरेला एरवी खटकते. खाऊ घालणाऱ्याचे दोष खाणाऱ्याला लागतात, परान्नाची सवय झालेल्याचे तेज उतरते, अशा समजुती धर्मशास्त्रात जागोजागी आहेत. विद्यार्थ्याचा अपवाद तेवढा मुद्दाम केलेला आहे, आणि तो ज्या रीतीने केला त्यात पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका व्यवहाराची किल्ली आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याने, म्हणजे गुरुगृही राहून शिकणाऱ्याने, भिक्षेवर जगावे असे सांगताना त्याला दोन गोष्टी जोडल्या आहेत. एक म्हणजे त्याने नित्य एकाच घरचे अन्न खाऊ नये, आणि दुसरी म्हणजे अशा भिक्षेवरचे जगणे उपवासाच्या तोडीचे मानावे. दुसऱ्या वचनाने परान्नाचा दोष धुऊन काढला, हे उघड आहे. पण खरी मर्मदृष्टी पहिल्या वचनात आहे. एकाच घरावर पोसला जाणारा मुलगा हळूहळू त्या घराचा होतो, त्याच्या मतांना त्या घराचा रंग चढतो, आणि पुढे कधी त्या घराविरुद्ध बोलायची वेळ आली तर त्याची जीभ जड होते. अन्न दहा घरी वाटले गेले की कोणत्याच घराची मालकी उरत नाही. दात्यांची संख्या वाढवून दातृत्वाची धार बोथट करण्याची ही युक्ती आहे, आणि विद्येचे स्वातंत्र्य ताटापासून सुरू होते हे तिने ओळखलेले आहे.

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत सर्रास दिसणारी ‘वार लावून जेवण्या’ची पद्धत म्हणजे याच नियमाचा नागर अवतार होता. कोकणातून किंवा देशावरून आलेल्या गरीब मुलाने आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे धरायची, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे जेवायचे, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपाशी राहायचे, अशी ही रीत होती. माधुकरी तिच्याहून जुनी. तीत मधमाशी फुलाफुलांतून मध गोळा करते त्याप्रमाणे घरोघरी हिंडून शिजवलेले अन्न थोडेथोडे गोळा करायचे असते. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची पहिली वर्षे मुलांनी मागून आणलेल्या माधुकरीवर निघाली, आणि पुढे ‘पुणे विद्यार्थी गृह’ या नावाने तीच संस्था शाळा, मुद्रणालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत विस्तारली. सांस्कृतिक पुण्याच्या अभिमानाच्या गोष्टी सांगताना या ताटांची आठवण फारशी काढली जात नाही, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

मात्र वार लावून जेवलेल्यांनी मागे ठेवलेल्या आठवणींत तृप्तीपेक्षा संकोचच अधिक आहे. पंगतीच्या टोकाला मांडलेला पाट, तुपाचे भांडे आपल्यापर्यंत येईल की नाही याकडे लागलेले डोळे, दुसऱ्यांदा भात मागावा की न मागावा ही घालमेल, जेवणाच्या मोबदल्यात न सांगता अंगावर पडलेले पाणी भरणे आणि दळण आणणे, असे तपशील त्यांत पुन्हा पुन्हा भेटतात. सात घरे धरल्याने मालकी वाटली गेली तरी लाज वाटली गेली नाही. ती सातपट झाली. येथे नियम आणि आचार यांच्यात पडलेली फट स्पष्ट दिसते, कारण द्यावे कसे याबद्दलचे परंपरेचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत शिक्षण पुरे करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतो, त्यात दान श्रद्धेने द्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे याबरोबरच ते लाजून द्यावे आणि भीत भीत द्यावे असेही सांगितले आहे. म्हणजे संकोच हा देणाऱ्याने वाहायचा आहे; आपण देतो आहोत ते पुरेसे आहे का, देताना समोरच्याचा मान दुखावला तर नाही ना, ही धाकधूक दात्याच्या मनात असली पाहिजे. हा उपदेश ज्याला केला तो कालपर्यंत भिक्षा मागत होता, ही त्यातली विशेष गोष्ट. घेण्याचा अनुभव ताजा असतानाच देण्याचा धडा द्यावा, एवढी मानसशास्त्रीय जाण त्या प्रसंगाच्या योजनेत आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातही अपमान करून, तुच्छतेने दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे, मग त्यातले अन्न कितीही सुग्रास असो.

या व्यवस्थेची दुसरी आणि अधिक गंभीर मर्यादा अशी की सात घरांची ही दारे बहुतांशी एकाच जातीच्या मुलांना उघडत. गौतम धर्मसूत्राने पतित आणि निंद्य ठरलेल्यांना वगळून सर्व वर्णांकडून भिक्षा घ्यायची मुभा दिली होती, पण प्रत्यक्षात सोवळ्याओवळ्याने ती मुभा केव्हाच गिळून टाकली होती, आणि शिकण्याचा अधिकारच ज्यांना नाकारला होता त्यांच्या ताटाचा विचार करण्याचे तर कारणच नव्हते. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली आणि १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग चालवायला घेतले, तेव्हा या व्यवहाराचे तत्त्वज्ञानच बदलले. भाऊरावांच्या बोर्डिंगात मुले स्वतः दळत, स्वयंपाक करत आणि एका ओळीत बसून जेवत. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वज्ञात आहे. गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणानंतर झालेल्या पुणे कराराची आठवण म्हणून १९३२ मध्ये भाऊरावांनी पुण्यातही युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. येथे मुलगा कोणाच्या ओसरीवर उभा नसतो. पोळी लाटणारा, ती खाणारा आणि तिचे पीठ दळणारा एकच असतो, आणि शेजारी बसलेला वेगळ्या जातीचा मुलगा त्याच्याइतकाच घेणेकरी असतो. लाज नाहीशी करण्याचा हा मार्ग उपनिषदांना अगदीच अपरिचित नव्हता. छांदोग्यात सत्यकाम नावाच्या मुलाला आपले गोत्र माहीत नसते, आणि त्याची आई जबाला, जिने तरुणपणी घरोघरी राबून त्याला वाढवले, तीही ते सांगू शकत नाही. हारिद्रुमत गौतम त्याच्या खरेपणावर त्याला शिष्य म्हणून घेतो आणि लगेच चारशे रोडावलेल्या गाई हाती देतो, ज्या हजार होईपर्यंत तो रानात राहतो. त्याला ब्रह्माचा उपदेश बैल, अग्नी, हंस आणि पाणपक्षी यांच्याकडून होतो, म्हणजे कामाच्या जागीच होतो. ‘कमवा आणि शिका’ हे ब्रीद भाऊरावांचे असले तरी त्याचा पूर्वज या रानात सापडतो, असे म्हणता येईल.

दात्याचा धर्म आणि विद्यार्थ्याचा धर्म वेगळे असतील तर काय, हा प्रश्न पुण्यात फार कडवटपणे उभा राहिला तो पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या निमित्ताने. उच्चवर्णीय विधवांसाठीचे हे निवासी विद्यालय मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. पैसा अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचा होता, रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, आणि तरीही मुलींनी आपापले जातिनियम, सोवळे आणि पूजा पाळण्यास पूर्ण मोकळीक राहील असे ठरलेले होते. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. हे उघडे दार म्हणजे प्रलोभन की प्रामाणिकपणा, यावर पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलेली गोष्ट अशी की जी मुलगी दुसऱ्याच्या छपराखाली राहते आणि जिला परत जायला धड घर नाही, तिच्या संमतीचे वजन काढणे कोणालाच सोपे नसते. दार बंद करून प्रार्थना केली असती तर ती फसवणूक ठरली असती, आणि उघडे ठेवले तर दबाव ठरला. पोसणाऱ्याने आपली श्रद्धा लपवूही नये आणि पोसलेल्याला ती खुणावूही नये, हे एकाच वेळी साधणे जवळजवळ अशक्य आहे. तथापि पालकांची तक्रारही निष्पाप नव्हती, कारण यातल्या कित्येक मुलींना विद्रूप आयुष्य बहाल करणारे घर तेच होते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला, त्यामागे हा सगळा धडा असणार. पुण्यात प्राध्यापकी करून रोज हिंगण्यापर्यंत चालत जाणाऱ्या कर्व्यांनी धर्माचा विषय शक्यतो खाली आवाजात ठेवला.

आतापर्यंतचा विचार एका दिशेने चालला आहे: विद्यार्थ्यावरची दात्याची नजर जितकी कमी होईल तितका त्याचा मान राखला जातो. आजची व्यवस्था या दिशेने खूप पुढे गेली आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून चालवलेल्या स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंतची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. तेथे पाट नाही, पंगत नाही, दात्याचा चेहरा नाही. ती भिक्षा नव्हे, हक्क आहे, आणि हप्ता वेळेवर येत असेल तर यापेक्षा निर्मळ देणे कल्पनेत आणणे कठीण. परंतु नजर गेली की तिच्याबरोबर आणखीही एक गोष्ट जाते, आणि ती कोणती हे छांदोग्यातीलच दुसऱ्या एका कथेवरून दिसते.

रानात गाई राखून ज्ञानी झालेला तोच सत्यकाम आता आचार्य झालेला आहे. उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षे त्याच्या घरी राहून अग्नींची निगा राखतो. बरोबरीच्या शिष्यांची सोडमुंज होऊन ते घरी जातात, पण याला ना शिकवले जाते ना सोडले जाते. पत्नी सत्यकामाला सांगते की या मुलाने पुष्कळ तप केले, आता त्याला सांगून टाका. सत्यकाम काही न बोलता प्रवासाला निघून जातो. उपकोसल अन्न सोडतो. आचार्याची पत्नी त्याला विचारते, की बाबा, तू का जेवत नाहीस? तो म्हणतो की माणसाच्या मनात नाना दिशांनी धावणाऱ्या अनेक वासना असतात, मी व्याधींनी भरून गेलो आहे, मी जेवणार नाही. वसतिगृहात दाराला आतून कडी लावून बसलेल्या मुलाची याहून अचूक नोंद कोणत्याही समुपदेशकाच्या वहीत नसेल. पुढे त्याने बारा वर्षे ज्यांची सेवा केली ते अग्नीच आपसांत बोलतात, याने आपली चांगली निगा राखली, आपणच याला सांगू या, आणि त्याला उपदेश करतात.

भाष्यकारांनी या कथेत अग्निविद्येचा विचार केला तो योग्यच आहे, पण निवासी शिक्षणाच्या दृष्टीने तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. ज्याला स्वतःला उदारपणे स्वीकारले गेले तोच पुढे दुर्लक्ष करणारा गुरू होतो, याचा अर्थ सोसल्याने शहाणपण येतेच असे नाही. मुलगा जेवत नाही हे ओळखणारी व्यक्ती शिक्षक नाही. तिच्याकडे ज्ञान द्यायचा अधिकारही नाही, पण ताट तिच्या नजरेखाली आहे. आणि मदत शेवटी वरून येत नाही, ती रोजच्या कामातल्या सोबत्यांकडून येते.

पुण्यातल्या मेसमध्ये ‘खाडा’ नावाची एक नोंद असते. जो जेवायला आला नाही त्याच्या नावापुढे फुली पडते, आणि आधी कळवून सलग काही दिवस गैरहजर राहिल्यास तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते केले जातात. मुलगा चार दिवस जेवला नाही हे शहरात कोठे लिहिलेले असेलच तर ते या वहीत, पण ती वही पैशांची आहे. वाराच्या घरी गेलेल्या मुलाला पंगतीच्या टोकाला बसवणाऱ्या बाईंनीच तो मंगळवारी आला नाही म्हणून बुधवारी कोणाला तरी विचारले असते. लाज आणणारी नजर आणि काळजी घेणारी नजर या दोन वेगळ्या माणसांच्या नसतात, ही या विषयातली खरी अडचण आहे. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असा निर्देश दिला, तो आवश्यकच होता. पण समुपदेशकाकडे मुलाला चालत जावे लागते, आणि उपकोसलाच्या अवस्थेतील मुलगा चालत जात नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या मेसच्या काकू, खोलीतला जोडीदार, रात्रपाळीचा रखवालदार. १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी पुण्यात सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली मुलेमुली अल्प खर्चात राहतात, झाडलोटीपासून वाढण्यापर्यंतची कामे वाटून घेतात, आणि तेथूनच शिकून गेलेले लोक पुढच्यांसाठी पैसा उभा करतात. या रचनेचे महत्त्व काटकसरीपुरते नाही. जो वाढायला उभा असतो त्याला कोण आले नाही ते कळते, आणि उद्या त्याच्या जागी दुसरा उभा असतो, म्हणून त्या कळण्यात उपकाराचा वास राहत नाही.

येथून ऋणाचा विचार आपोआपच पुढे येतो. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते, तर शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे मनुष्यऋण घालून ते अन्न आणि आसरा देऊन फेडायचे ठरवले. हे वचन एका वर्णापुरते बोललेले असले तरी त्यातली रचना सर्वांच्या उपयोगाची आहे, कारण यांपैकी विद्येचे आणि पितरांचे ऋण ज्याचे घेतले त्याला परत द्यायचे नाही. शिकणे हीच विद्येची फेड, आणि आईबापांनी आपल्यासाठी केले ते आपल्या पुढच्यांसाठी करणे हीच त्यांची फेड. मनुस्मृतीने तर शिक्षण पुरे होऊन स्नान होईपर्यंत शिष्याने गुरूला काहीही देऊ नये असे सांगून शिकण्याच्या काळात परतफेडीचा विषयच बंद केला आहे. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला आलेल्या आणि स्पर्धा परीक्षेची दुसरी, तिसरी, चौथी फेरी देत असलेल्या मुलाच्या छातीवर जो दगड असतो तो अभ्यासाचा क्वचितच असतो. घरच्यांनी विकलेले अर्धा एकर रान, बहिणीचे लांबवलेले लग्न, दर फोनवर बापाने न विचारलेला पण ऐकू येणारा प्रश्न, यांचा तो असतो. पितृऋणाचा खरा अर्थ अशा घरांत कोणीतरी समजावून सांगितला तर बरेच ओझे हलके होईल, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण तो अर्थ बापाला सांगणे सोपे नाही, आणि दोष त्याचा नाही. शिष्याकडे हिशेब मागू नये हा नियम ज्या काळी पाळता येत होता त्या काळी मुलाला खाऊ घालण्याचा भार गावाने, निदान त्याच्या एका भागाने, उचललेला होता, त्यामुळे घराला हिशेब ठेवायचे कारण पडत नव्हते. सत्यकाम रानात गेल्यावर जबालेचे पुढे काय झाले, हजार गाईंतली एखादी तरी तिच्या दारी आली का, याबद्दल छांदोग्य एक शब्दही बोलत नाही. मुलगा गुरूच्या घरी गेला की आईचा भार संपला, असे ते गृहीत धरते. आज कॉटचे भाडे, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी आणि क्लासची फी ही चारही बिले दर महिन्याला त्याच एका घराच्या दारात जातात, आणि सात वारांचा बोजा एका चुलीवर पडला की त्या चुलीने मोजायला सुरुवात करावी, यात नवल नाही.